तुझ्या वाटणीची आंबील

त्सोलोच्या वरची वस्ती
१४ ऑगस्ट

प्रिय वुयिसेका,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू दचकशील. या अक्षरातली पत्रं आजवर एकाच बाईला यायची, आणि ती आता नाही. सोन्याच्या खाणीवरून एकतीस वर्षं मी तुझ्या आईला लिहीत होतो, महिन्याला एक, आणि त्या सगळ्यांत मिळून मजकूर काय, तर मी बरा आहे, छप्पर गळतंय का, आणि तपकिरी गाय व्याली का. आता लिहिण्यासारखं खरोखर काही आहे, तर वाचणारी तू आहेस, आणि तू न वाचताच फाडशील या भीतीनं तीन कागद मीच फाडले. फोनवर मला जमत नाही. दोनदा केला होता. तू "हॅलो" म्हणालीस, मला खोकला आला आणि मी ठेवून दिला. तुला वाटलं असेल कुणाचा तरी चुकून लागला. तो मीच होतो.

आधी बातमी सांगतो. आईला जाऊन या महिन्यात वर्ष झालं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिला घरी परत आणायचा विधी ठरलाय. जोला कुळातली सगळी मंडळी येणार, दोन्ही नद्यांच्या पलीकडची सुद्धा. बैल ठरलाय, कुंपण नीट करून घेतलंय, गोल खोलीला शेणामातीचा हात फिरवून झालाय. राहिली ती बिअर. आमचं म्हणणं तुला माहीत आहे. बिअर फसफसून वर आली म्हणजे गेलेल्या माणसानं हाक ऐकली. नाही आली, तर लोक जेवतील आणि काही न बोलता उठून जातील, आणि तुझी आई तिकडेच कुठेतरी लोकांच्या दारात उभी राहील. तुमच्या चर्चमध्ये हे मानत नाहीत. तू मानावंस असं मी म्हणत नाही. मी मानतो, एवढंच सांगतो, आणि त्यापायी गेला महिनाभर माझा जीव थाऱ्यावर नाही. कारण ही बिअर घरच्याच हातची लागते. शेजारणी लाकडं आणतील, पाणी भरतील, पण मोडाचं पीठ टाकणारा हात घरचा हवा. आता या घरात बायकांचे हात उरले किती? आई गेली. तू गेलीस, म्हणजे मीच तुला घालवलं. उरली माझी थोरली बहीण, तुझी दादोबावो, तर मागच्या हिवाळ्यात तिचा उजवा हात लुळा पडला. शेवटी मी ठरवलं की मीच करायची. हस हवं तर. इथे सगळे हसलेत. पुरुषानं चुलीपाशी बसून आंबवण करायचं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. धुराडं सकाळीच धुमसायला लागलं तेव्हा कुंपणापाशी थांबून शेजारचा म्हातारा म्पेन्दुलो ओरडला, "काय रे जोला, नवी नवरी आणलीस की काय? आम्हाला बोलावलं नाहीस!" मी म्हटलं, "आणलीय, पण तिला दाढी आहे."

आता सामान. आईचं मोठं लाकडी पिंप वर्षभर कोरडं पडून तडकलं. त्यात पाणी ओतलं तर चारी बाजूंनी बाहेर. तिची गवताची गाळणी उंदरांनी खाल्ली. मग मी घरात जे सापडलं ते गोळा केलं. शाळेला रंग दिला तेव्हाच्या झाकणाच्या दोन बादल्या होत्या, त्या राखेनं आठ वेळा घासल्या, तरी एकीच्या तळाला निळा ठिपका राहिलाच. तीन पायांचं लोखंडी भांडं होतंच. ढवळायला नवा दांडा तासला. अंघोळीचा पत्र्याचा टब, कोंबड्यांच्या खाद्याची दोन रिकामी पोती, खाणीवरून आणलेलं माझं राखाडी ब्लँकेट. आणि गाळायला, रागावू नकोस, पुढच्या खिडकीचा जाळीचा पडदा. माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारातून आईनं तो घेतला होता आणि त्याला हात लावलेला तिला खपत नसे. मी तो काढला तेव्हा चोरासारखा दाराकडे बघत होतो. विकत असं काही आणलं नाही. ज्वारीही तिचीच, तिनं शेवटच्या हंगामात स्वतः कापलेली लाल ज्वारी, राख चोळून पत्र्याच्या पिंपात भरून ठेवलेली. एवढीच आहे. ती संपली की तिच्या हातची ज्वारी जगात नाही. म्हणून आधी एका बादलीपुरती करून बघायची, चुकलं तर थोडक्यात निभेल, असा हिशोब केला.

पहिली बादली चुकली. मला वाटलं होतं त्यात काय आहे. चाळीस वर्षं बिअर प्यालोय, चव तोंडपाठ आहे. मोड आणले, वाळवले, दळले. मक्याचं पीठ आणि मोडाचं पीठ कोमट पाण्यात कालवून रात्रभर आंबायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी भांड्यात ढवळून ढवळून शिजवलं, खांदे भरून आले. मग निवत ठेवायचं, आणि निवलं की उरलेलं मोडाचं पीठ टाकायचं. मी बादलीच्या अंगाला तळवा लावला, बरं वाटलं, टाकलं पीठ. ब्लँकेट गुंडाळलं. सकाळी कान लावला तर बादली मुकी. दुसऱ्या दिवशीही मुकी. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर ओल्या पोत्याचा वास. म्हटलं, निदान बघू तरी, म्हणून डुकरासमोर ओतली. डुकरानं सगळी खाल्ली आणि सरळ रेषेत चालत निघून गेलं. मी तिथेच कुंपणावर बसलो आणि रडलो ग. तुझ्या आईच्या दफनाला मी रडलो नव्हतो, तू कुंपणापलीकडून बघत होतीस, तुला माहीत आहे. तेव्हा चार माणसांत ताठ उभं राहायचं होतं. इथे डुक्करच होतं फक्त.

त्याच दुपारी दोन टेकड्या चालून दादोबावोकडे गेलो. ती उन्हात बसली होती. सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं काय, तर "झोलिले, निवलं हे तुला कशानं कळलं?" मी म्हटलं हातानं. तिनं डाव्या हातानं चहाचा पेला उचलला, आत्ताच ओतलेला, आणि माझ्या तळव्यावर ठेवला. "लागतंय काही?" मला काहीच लागत नव्हतं. "मग हे हात नाहीत रे, फावड्याचे दांडे आहेत. एकतीस वर्षं दगड फोडलेस, आता तुझ्या तळव्याला काय कळणार गरम आणि गार? तू त्या पिठाला जिवंत उकडून मारलंस." मी विचारलं, मग बायका कशानं बघतात? "कोपरानं. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं." आणि माझ्याकडे बघत राहिली. "तुला कुठून ठाऊक असणार म्हणा. तू कधी बाळ नाहू घातलंस?" वुयिसेका, तुझा जन्म झाला तेव्हा मी जमिनीखाली दोन मैल होतो. तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू अकरा महिन्यांची होतीस आणि मला बघून भोकाड पसरलंस. तुझ्या अंघोळीचं पाणी कुणी कशानं बघितलं ते मला खरंच ठाऊक नव्हतं. मग ती म्हणाली, "जा, गाडी बघ. येते मी. हात तुझा, तोंड माझं." पुरुषानं केलेली चालेल का, असं मी विचारलं तर काठी उगारली. "नियम एवढाच, की हात घरचा हवा. आता घरात जे उरलंय ते उरलंय."

तेव्हापासून ती इथे आहे. गोल खोलीत रंगाच्या उलट्या डब्यावर बसते, काठी मांडीवर, आणि मला असं काही राबवते की खाणीतला मुकादम परवडला. पण मी तुला सांगतो, या पंधरा दिवसांत मी जे पाहिलं ते मी आजवर कुठेच पाहिलं नव्हतं. ते सगळं चाळीस वर्षं माझ्याच घरात चाललं होतं, माझ्या पाठीमागे.

ज्वारी पोत्यात बांधून ओढ्यात एक रात्र बुडवली, मग कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली पसरून झाकली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कोपर घाल आत." मी बाही वर करून दाण्यांत हात खुपसला आणि झटकन बाहेर काढला. आत ऊब होती. बाहेर इतकी थंडी की कोंबड्यांच्या पाण्यावर पापुद्रा धरत होता, खोलीत विस्तव नाही, आणि त्या ढिगाच्या पोटात ताप आलेल्या लेकराच्या पाठीसारखी ऊब. खाणीत खाली दगड गरम असतो, ते मी रोज पाहिलंय. तिथे बर्फाचं वारं सोडावं लागतं. पण दगड पृथ्वीची ऊब घेऊन बसलेला असतो, त्याची स्वतःची नसते. हे दाणे ओंजळभर पाणी पिऊन स्वतःची ऊब स्वतः काढत होते. मी पोतं उचलून बघितलं, तर प्रत्येक दाण्याला पांढरं नाजूक शेपूट फुटलेलं, आणि सगळी शेपटं एकमेकांत अशी गुंतलेली की चादरीसारखा सगळा थर एकसाथ उचलला जात होता. मी दादोबावोला हे सगळं सांगायला लागलो तर म्हणते, "अरे, ज्वारीला मोड आलेत. तू काय चंद्रावर जाऊन आलास?" पण आवाज मऊ होता तिचा.

मग छपरावर पसरून वाळवणं, मग दळणं. दगडावर दळताना गुडघ्यांची काय वाट लागते ते विचारू नकोस. एका बादलीपुरतं पीठ दळायला मला दीड दिवस लागला, आणि तुझी आई घरातलं सगळं आटोपून मोठ्या पिंपापुरतं एका दिवसात दळायची, वर गाणं म्हणत. पुन्हा कालवलं, पुन्हा आंबवलं, पुन्हा शिजवलं. शिजवण्याच्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. ती मी शेवटी सांगणार आहे. आत्ता सांगितली तर पुढचं लिहून होणार नाही.

शिजवलेलं बादलीत ओतलं तेव्हा इतकं घट्ट होतं की दांडा उभा राहत होता. ते निवत ठेवून मी दर थोड्या वेळानं कोपर लावत बसलो. दादोबावो विचारायची, "बाळाला अंघोळ घालशील का यात?" मी म्हणायचो, नाही. "मग थांब." पुन्हा विचारायची, पुन्हा नाही. शेवटी एकदा कोपराला असं वाटलं की हो, आता घालीन, आता रडायचं नाही ते. तेव्हा पीठ टाकलं, आणि ढवळायला लागलो. बघता बघता दांडा हलका झाला. जे इतकं घट्ट होतं ते सैल पडायला लागलं, मग पळीवाढं झालं, मग पातळ. मी पाण्याचा थेंब घातला नव्हता. मला वाटलं बादली फुटली की काय, म्हणून खाली वाकून बघितलं. तिनं बोट बुडवून मला चाखायला लावलं. गोड! साखर नाही, मध नाही, गोड. "कोण करतं हे?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत? मी सत्तर वर्षं बघतेय, मलाही कुणी सांगितलं नाही." तू विज्ञान शिकलीस, तुला याचं नाव माहीत असेल. सांग कधीतरी. पण नाव कळलं तरी माझे डोळे विस्फारायचे थांबतील असं नाही.

मग ब्लँकेट गुंडाळून ठेवलं आणि मी शेजारी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज यायला लागला. पाऊस पडून गेल्यावर कोरडी जमीन पाणी पिते तेव्हा बारीक आवाज येतो ना, तसा. दुपारपर्यंत झाकण वर उचललं गेलं, आपोआप. फेस कडेवरून खाली आला, निळ्या ठिपक्याची बादली ती, आणि माझ्या ब्लँकेटवर ओघळला. मी खोलीभर फिरत होतो, कुणाला सांगू असं झालं होतं. दादोबावो म्हणाली, "आता काडी लाव." काडी लावायची पद्धत तुला माहीत असेल, तू लहानपणी आईच्या मागे मागे असायचीस. मला माहीत नव्हती. तिनं सांगितलं, झाकण सरकव, पेटती काडी बादलीच्या तोंडाशी धर. मी धरली. आणि ज्योत गेली. फुंकर नाही, वारा नाही, दार बंद. कुणी बोटांत चिमटून विझवावी तशी गेली. दुसरी काडी लावली. तीही गेली.

आता हसशील तू. खाणीत पहिल्या दिवशी जे शिकवतात ते मरेपर्यंत अंगातून जात नाही. दिव्याची ज्योत मेली म्हणजे हवा मेली. मागे वळायचं नाही, अवजार उचलायचं नाही, जो शेजारी असेल त्याला धरायचं आणि पळायचं. असे मी दोन जण बाहेर काढलेत, आणि एक राहिला, त्याच्याबद्दल मी तुझ्या आईलाही कधी लिहिलं नाही. तेव्हा दुसरी काडी विझल्यावर माझं डोकं काही विचारायला थांबलंच नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तुझ्या दादोबावोला डब्यावरून उचललं, खांद्यावर टाकलं, दार लाथेनं उघडलं आणि "बाहेर! सगळे बाहेर!" असं ओरडत अंगण ओलांडून गुरांच्या कुंपणापर्यंत पळालो. सगळे म्हणजे कोण, तर एक कोंबडी होती आत. म्पेन्दुलो त्याच्या दारातून बघत होता. दादोबावो माझ्या पाठीवर काठी हाणत होती, "अरे गाढवा, खाली ठेव! ती झालीय! बिअर झालीय! काडी विझली म्हणजे ती श्वास घेतेय!" मी तिला खाली ठेवलं तेव्हा ती इतकी हसत होती की तिला उभं राहवेना.

मग मी परत एकटाच आत गेलो. एकामागून एक चार काड्या लावल्या. चारही विझल्या. पोरी, मला जमिनीखाली एकतीस वर्षं एकच गोष्ट माहीत होती, की ज्योत विझते ती मरणाच्या श्वासानं. आणि इथे तुझ्या आईच्या ज्वारीच्या तोंडाशी तीच ज्योत तशीच विझत होती, आणि ती जिवंतपणानं विझत होती. मी गुडघ्यावर बसलो. ही माझी बायको, मांभेले, जिला मी वर्षातून एकदा ख्रिसमसला भेटायचो आणि जिच्या हातून पेला घेताना वर बघायचोही नाही, ती हे दर महिन्याला करत होती. एका हातानं. दुसऱ्या हातात तू होतीस. मी तिला कधी एका शब्दानं विचारलं नाही की हे कसं होतं. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला, आणि माझी इतकी लाज वाटली, की दोन्ही एकदम मावेनात.

तर बिअर मला जमते. सप्टेंबरात मोठी करायची तेवढी ज्वारी पिंपात आहे, मी मापून पाहिली. तिची काळजी आता नाही. मग हे पत्र कशासाठी, ते आता लिहितो. शिजवण्याच्या दिवशी मी भांडं चुलीवरून उतरवलं, तेव्हा दादोबावो म्हणाली, "पोरीचा वाडगा काढलास का?" मी म्हटलं, कुठल्या पोरीचा? तिनं कपाळावर हात मारला. "निळ्या काठाचा रे. दुसरं पीठ पडायच्या आधी, बिअर व्हायच्या आधी, मांभेले एक वाडगा आंबील बाजूला काढायची. वुयिसेकासाठी. पोर बिअरला शिवत नाही ना? मग तिच्यासाठी त्याच भांड्यातली, त्याच दाण्यांची, पण चढ नसलेली. वर ताटली झाकून फळीवर ठेवायची. म्हणायची, जोहान्सबर्गची गाडी सकाळी येते, पोर रात्रभर प्रवास करून भुकेली यायची." वुयिसेका, तो वाडगा मला माहीत होता. तुझ्या लग्नानंतर तू पहिल्यांदा घरी आलीस, वडीलधाऱ्यांसमोर तू पेल्याला ओठ लावला नाहीस, आणि मी तो पेला तुझ्या पायांपाशी ओतून म्हणालो की ज्या तोंडाला या घरची बिअर चालत नाही त्याचे पायही इथे नकोत. त्यानंतर आई पाच वर्षं होती, आणि मीही खाण सोडून घरीच होतो. पाच वर्षं, दर महिन्याला, बिअर शिजवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाडगा फळीवर असायचा. मला वाटायचं माझ्यासाठी ठेवलाय. मी साखर घालून खायचो. एकदा तर म्हणालो, जरा आणखी ठेवत जा. तिनं वाडगा धुतला आणि उपडा घातला. मी दादोबावोला विचारलं, तिनं मला अडवलं का नाही? ती म्हणाली, "ज्या पोरीचं नाव या घरात काढायचं नाही असं तूच बजावलंस, तिच्या वाडग्याचं नाव ती कशी काढणार?" तुझ्या वाटणीची आंबील पाच वर्षं मी खाल्ली, आणि गोड लागली म्हणून खाल्ली. चूक तुझी नव्हती, माझी होती. हे मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं, दफनाच्या दिवशी तरी म्हणायला हवं होतं, आज म्हणतो. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात बुधवारी मी भांडं चढवीन. पेल्याला हात लावायला तुला कुणी सांगणार नाही, कुणी सांगितलंच तर माझ्याशी गाठ आहे. नवऱ्यालाही आण, तोही आंबील खात असेल. तुला सुट्टी नसेल, यावंसं वाटत नसेल, तर तेही मी समजेन. पण दुसरं पीठ पडायच्या आधी निळ्या काठाचा वाडगा मी बाजूला काढणार, ताटली झाकणार, आणि गुरुवारी सकाळी गाडीच्या वेळेला फाटकाशी उभा राहणार. यावेळी वाडग्याला मी हात लावणार नाही.

तुझाच,
तात